पंचांच्या कमरेला मिठी

"सोड, गाढवा, सोड त्यांना," सर मैदानाच्या त्या टोकाहून ओरडत होते, आणि मी सोडत नव्हतो. का सोडू? खो-खोतला माझ्या सबंध आयुष्यातला, म्हणजे सातवीपर्यंतचा, तो सर्वोत्तम सूर होता. पंधरा फूट तरी हवेतून गेलो असेन. वाटेतले दोन कावळे बाजूला झाले. खाली येऊन जी कंबर कवटाळली ती मात्र पळणाऱ्या गड्याची नव्हती, पंचांची होती. सदरे दोघांचेही पांढरे. मी तरी काय करणार?

तरसालीच्या मैदानावरची पोरं लोळून हसली. "आंधळो छे," कोणीतरी गुजरातीत म्हणालं. सर हसले नाहीत. मला खांबापाशी उभं करून ते वीस पावलं मागे गेले.

"किती बोटं?"

"तीन," मी ठोकून दिलं.

त्यांचा हात खिशात होता.

रविवारी पादरा गावी सामना होता, टेम्पोनं जायचं होतं आणि बारा जणांच्या यादीत माझं नाव होतं.

चष्म्याचा नंबर निघाला उणे साडेतीन. घरात सुतक पडलं. आईनं नव्या केबलवर खापर फोडलं, वडिलांनी माझ्या पांघरुणातल्या वाचनावर. चष्मा असा, की तरसालीत उभं राहून पार तिकडच्या प्रतापनगरच्या रेल्वे कामगारांच्या मिश्या मोजाव्यात. डोळ्यांचे डॉक्टर गुजराती, पण आमच्याशी मराठी बोलायची त्यांना भारी हौस. "बेटा, घरात नाय बसायचं. उन्हात रोज दोडायचं, रमायचं. नंबर वाढेल, पण हळूहळू."

रमायचं म्हणजे त्यांच्या गुजरातीत खेळायचं. थोडक्यात, खो-खो औषध म्हणून लिहून मिळालेला जगातला पहिला रोगी मीच.

आईनं जुन्या चड्डीचं इलॅस्टिक चष्म्याच्या काड्यांना शिवलं. शीर्षासन केलं तरी चष्मा हलेना. वडील अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर मैदानावर आले. ऑफिसात ते भल्याभल्या साहेबांना घाम फोडत. निदान घरी तरी तसं सांगत.

"सर, डॉक्टरच म्हणतायत, याला धावू द्या."

"धावू दे की. कोण अडवतंय? फक्त काच लावून माझ्या मैदानात नको."

मागे एका पोराच्या भुवईत काच घुसली होती. नऊ टाके. त्याला उचलून दवाखान्यात सरांनीच नेलं होतं, आणि हे वडिलांना ठाऊक होतं. साहेबांना घाम फोडणारा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मी चष्मा काढून खिशात घातला. मैदान विरघळलं, खांब विरघळले, वडीलही विरघळले.

"सर, असाच खेळतो," सरांच्या आकाराचं जे काही समोर होतं, त्याला मी म्हणालो. "पांढरा सदरा दिसला की आधी विचारेन, मग धरेन."



"यादी बदललीय," तिकडून आवाज आला. "टेम्पोत बाराच बसतात."