दुबईचे मालक

ताईचा फोन आला की मी मोबाईल पालथा घालायचे. भाजी चिरत असले तर चिरत राहायचे, आणि नवरा म्हणाला, "अगं, वाजतोय," तर त्याच्यावरच खेकसायचे, "मला कान नाहीत का?" त्या वर्षी उन्हाळ्यात तिचे फोन फारच वाढले होते. मी ठरवूनच टाकलं होतं की तिला पैसे हवेत. दुसऱ्या कशासाठी करेल ती? सख्ख्या मोठ्या बहिणीबद्दल असं मनात आणताना मला काही वाटत नव्हतं. आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

पैसे तिचेच होते, आमच्याकडे अडकलेले. काही वर्षांपूर्वी नवऱ्याची बाईक हायवेवर घसरली, पायाचा पार चुरा झाला. ऑपरेशनआधी पैसे भरायचे होते आणि आमच्या खात्यात जेमतेम किराण्यापुरते. ताई मनवेलपाड्यात राहायची, घरगुती डबे द्यायची. भावोजींची कंपनी बंद पडल्यापासून घर त्या डब्यांवरच चाललं होतं. वर्षानुवर्षं पोळ्या लाटून तिने एक एफडी केली होती, ती तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मोडली. चार लाख. संध्याकाळी हॉस्पिटलात आली ती मऊ भाताचा डबा घेऊन. मी रडायला लागले तर म्हणाली, "सावकाश दे गं. आधी माणूस उभा राहू दे." भावोजींना तिने विचारलं होतं की नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

माणूस उभा राहिला. काठी सुटली, नोकरी पुन्हा सुरू झाली, मला पगारवाढ मिळाली. ताईचे पैसे बाजूला टाकण्यासाठी आम्ही वेगळं खातंच उघडलं. नवरा त्याला 'ताईचं खातं' म्हणायचा. त्यात चांगले अडीच-तीन लाख जमले. तेवढे उचलून तिच्या हातात ठेवले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण मी पडले अकाउंट्सची बाई. वसईच्या एका कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते, तेव्हा स्वतःच्या आकड्यांच्या बाबतीत मला फार अक्कल आहे असा माझा समज. त्यात मोबाईलवर ते पैशांचे व्हिडिओ. चांगलं कर्ज, वाईट कर्ज, झोपेतही येणारं भाडं. त्यातला एक गृहस्थ अगदी पटवून सांगायचा की ज्या कर्जाला जास्त व्याज ते आधी फेडा, कमी व्याजाचं मागे ठेवा. मी बसून आमची कर्जं लावली. क्रेडिट कार्ड वर, मग ऑफिसातून घेतलेला अ‍ॅडव्हान्स, मग सोनं गहाण ठेवलेलं. ताईच्या पैशाला व्याजच नव्हतं, म्हणून ताई सगळ्यात खाली गेली. आकड्यांच्या हिशेबाने ते बरोबर होतं. म्हणूनच तर मला त्याचा एवढा आधार वाटला.

फुलपाड्यात एक वन आरके, म्हणजे एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट, विकायला निघाला होता. दुसरा मजला, रस्त्याच्या बाजूला खिडकी, समोर जीवदानीचा डोंगर. बाकीचं बँक देणार होती, सुरुवातीची रक्कम आपली हवी. ती 'ताईच्या खात्यात' होती.

"ताईंना विचार तरी," नवरा म्हणाला.

"विचारलं तर ती नाही म्हणणार नाही," मी म्हटलं. "मग कशाला विचारायचं?"

माझ्या तोंडातून किती सहज गेलं ते. त्याला मी समजावलं की भाडं येईल, त्यात हप्ता जाईल, वर उरेल ते दर महिन्याला ताईला. वर काहीच उरत नव्हतं. हप्ता भाड्यापेक्षा मोठा होता, हे मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला फक्त घर हवं होतं. आपली दोन घरं आहेत, असं मनातल्या मनात म्हणायला बरं वाटायचं.

सत्यनारायण घातला, कारण रिकाम्या घरात भाडेकरू ठेवण्याआधी पूजा हवीच, असं सासूबाईंचं म्हणणं. ताईला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर पैसे कुठून आले ते सांगावं लागलं असतं. गुरुजींनी विचारलं, "माहेरचं कोणी नाही?" मी म्हटलं, सगळे गावाला गेलेत. ताई तेव्हा रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर पोळ्या लाटत होती. समोरच्या दाराच्या वहिनींना मी स्वतः वाटीभर शिरा नेऊन दिला.

मग एजंट गाठला. हा गाव कितीही वाढला तरी बातमी पायी चालत घरी येते, म्हणून त्याला बजावलं की माझं नाव कोणाला सांगायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. मालक दुबईला असतात, तुम्ही त्यांच्या ओळखीच्या, चावी तुमच्याकडे. सगळे असंच सांगतात." मला ते इतकं आवडलं की मी दुबईच्या मालकांचा स्वभावही ठरवून टाकला. जरा कडक, पण माणूस चांगला.

त्या रविवारी एजंटचा फोन आला. मराठी फॅमिली आहे, साधी माणसं, नवरा-बायको दोघंच, आत्ता घेऊन येतो. मी आधी जाऊन खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, ओट्यावर अगरबत्ती लावली. जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर एजंटच्या मागे ताई.

हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. मागे भावोजी एकेक पायरी चढत येत होते. ताई मला बघून हसली. खरंच आनंदाने हसली.

"अगं, तू इथे कशी?"

मी काही बोलायच्या आत एजंटने पोपटासारखं सुरू केलं. मालक दुबईला असतात, मॅडम त्यांच्या ओळखीच्या, चावी यांच्याकडे असते. दोघींची ओळख निघाली म्हणून तो खूश. ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हटलं. "ह्यांच्या साहेबांचा आहे."

"बरं झालं बाई, आपल्या ओळखीतलं निघालं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला केव्हाचे फोन करतेय. आमच्या बिल्डिंगला धोकादायक म्हणून नोटीस लागलीय, पावसाच्या आत खाली करायचीय. म्हटलं, तुम्हाला एखादी खोली माहीत असेल."

म्हणजे फोन त्यासाठी होते. एकदाही पैशांसाठी नव्हते.

ती घर बघू लागली. ओट्यावर हात फिरवला, नळ सोडून पाहिला, पाणी रोज येतं की एक दिवसाआड ते विचारलं. डब्यांसाठी दोन शेगड्या इथे मावतील का, हे ती वितीने मोजत होती. भावोजी खिडकीत बसून डोंगराकडे बघत होते. मी चावी हातात धरून दारातच उभी. घर माझं आणि माझा आत जायला पाय उचलेना.

एजंट त्याच्या सवयीने बोलत होता. "ताई, हेवी डिपॉझिटवर घ्यायचा असेल तर मागच्या गल्लीत आहे एक. एकरकमी चार लाख ठेवा मालकाकडे, महिन्याचं भाडं शून्य. सोडताना सगळे पैसे परत. तुमच्यासारख्यांना तेच परवडतं."

"होते तेवढे," ताई म्हणाली. "आता नाहीत."

"खर्च झाले?"

"नाही हो. कामाला लागले एकाच्या."

ती माझ्याकडे बघून बोलली नाही. नळाखाली हात धुताना बोलली. तिने सहज माझी लाज राखली आणि मी ती राखू दिली.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, हातात मी शिरा दिलेली वाटी. "बरं झालं भेटलात. वाटी राहिली होती तुमची. मिळाला का भाडेकरू? शिरा काय झाला होता हो तुमच्या पूजेचा, आमचे हे अजून नाव काढतात. पण तुमच्या माहेरचं कोणी नव्हतं, तेवढं मला वाईट वाटलं."

मी वाटी घेतली. दुसरं काय करणार? वहिनी आत गेल्या. एजंट मोबाईलमध्ये डोकं घालून जिन्याकडे सरकला. त्याला सगळं कळलं होतं, धंदाच त्याचा.

ताई हात पुसत होती. पदराने पुसत होती, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"पूजा घातलीस?" ती म्हणाली.

"हो."

"बरं केलंस. रिकाम्या घरात घालावीच."

शिव्या दिल्या असत्या तरी मला परवडलं असतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही, ताईला तर नाहीच. पण ती भांडलीच नाही. भावोजी खिडकीतून म्हणाले, "हवा छान येते," आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. त्यांनी ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

मग मी घाईघाईने बोलले. "ताई, असं करू या. तुझे पैसे आहेत ना माझ्याकडे, तेच हेवी डिपॉझिट समज. भाडं देऊ नकोस. राहा हवं तितकं."

ऐकायला किती छान वाटतं. पण बोलता बोलताच माझ्या डोक्यात हप्ता फिरत होता. भाडं आलं नाही तर हप्ता कशातून? नवऱ्याला काय सांगू? आणि मी मनातून, अगदी मनापासून, देवाला विनवत होते की ही नाही म्हणू दे.

"नको," ताई म्हणाली. "ते मी तुला दिलेत, घराला नाही दिले. दोन्ही एकात मिसळू नकोस. भाडं किती आहे ते सांग."

मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची जेवढी लाज वाटते तेवढी खोटं बोलल्याचीही वाटत नाही.

भाडं कमी करून सांगता आलं असतं. निम्मं सांगता आलं असतं. ती खरं-खोटं करायला जाणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि एजंटला सांगितला होता तोच आकडा बाहेर पडला.

"आठ हजार," मी म्हटलं. "मेंटेनन्स वेगळा."

"बरं," ताई म्हणाली.

पावसाच्या आत ते दोघं राहायला आले. डबे तिथूनच जातात आता. भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळीच मोबाईलवर येतं, मी चहाही घेतलेला नसतो. आम्ही तिचे पैसे थोडे थोडे परत करतो आहोत. महिन्याला पाच हजार, कधी तीन, मुलांच्या फीच्या महिन्यात काहीच नाही. ती एकदाही विचारत नाही. दिवाळीला चकलीचा डबा येतो, माझ्या वाढदिवसाला पुरणपोळी. माझं तिच्यावाचून अडतं आणि तिच्या दारात मी भाडं घेणारी. त्या घरी मी गेले की ती मलाच पहिला चहा देते आणि मी कपाकडे बघत पिते.

तिचा फोन मात्र आता मी पहिल्या रिंगला उचलते. परवा संध्याकाळी आला. आधी भावोजींचं गुडघेदुखीचं, मग डब्यांच्या गिऱ्हाइकांचं, मग पाणी आलं नाही त्याचं. शेवटी, फोन ठेवता ठेवता, तिच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "अगं, बाथरूमचा नळ गळतोय. तेवढं तुझ्या त्या दुबईच्या साहेबांना कळवशील?"

ती थट्टा करत होती का, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. पलीकडे ती वाट बघत होती.

"कळवते," मी म्हटलं.