एका कागदावरचे दोन बोर्ड

माझी इस्त्री आता कपड्यांच्या कामाची राहिली नाही. तिच्या बुडाला काळं चिकटलेलं आहे. माझा मुलगा तिच्याने कागदावरची शाई तांब्यावर उतरवतो.

तो अर्धापुरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि घरी पडवीत बसून छोटे बोर्ड बनवतो. हौद भरला की शेतातली मोटार आपोआप बंद करणारे. बाजारात तयार मिळतात, पण आमच्याकडच्या लाइटीत ते टिकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी चौथी शिकलेली बाई, पण रोज डोळ्यांसमोर चाललं की समजतं. कॉम्प्युटरवर तो रेघांचं चित्र काढतो. झेरॉक्सच्या दुकानातून ते गुळगुळीत कागदावर छापून आणतो. कागद तांब्याच्या पट्टीवर पालथा घालून वरून गरम इस्त्री दाबायची, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा. काळ्या रेघा तांब्यावर राहतात. पट्टी तपकिरी औषधात टाकली की रेघांखालचं तांबं वाचतं, बाकीचं औषध खाऊन टाकतं. माझ्या फरशीचाही एक कोपरा त्याने खाल्ला आहे.

चित्र जेवढं काढलं तेवढंच छापलं गेलं पाहिजे. केसभर लहान झालं तरी सामानाचे पाय भोकांत बसत नाहीत. म्हणून तो आधी साध्या कागदावर छापून बघायचा. मोटार चालू-बंद करणारी एक डबी असते, तिला रिले म्हणतात. तिचे पाय कागदावरच्या ठिपक्यांत टोचायचे. बसले तरच गुळगुळीत कागद मशीनमध्ये घालायला सांगायचा.

त्या दिवशी पीकविम्याचे कागद काढायला दुकानात ही गर्दी होती. दुकानदार याच्यावर वैतागला, मशीन खराब होते म्हणाला. याने साधा कागद छापून बघितलाच नाही, थेट गुळगुळीत कागद दिला. एकाच कागदावर दोन चित्रं होती. एक आमच्या हौदासाठी, दुसरं माझ्या मुलीसाठी. तिला लातूर जिल्ह्यात, किल्लारीकडे दिली आहे. तिचा हौद भरून वाहायचा आणि गोठ्यात चिखल व्हायचा.

दोन्ही पट्ट्या औषधातून निघाल्या, भोकं पाडून झाली, तेव्हा रिलेचे पाय बसेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"जरा लहान छापलंय."

"मग फेकून दे."

"माय, तांब्याची पट्टी हाय. फेकायला काय टोपल्यातला भाकरीचा शिळा तुकडा हाय का?"

सून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही बोलू नका. इंजिनिअर काम करून राहिले."

त्याने भोकं मोठी केली, पाय वाकवून आत घातले, सुटलेल्या जागी कथलाचा जाड डाग दिला. त्या पट्टीवर एका बाजूला मोटारीची लाइट येते, दुसऱ्या बाजूने हौदातल्या पाण्यात सोडायच्या तारा निघतात. दोन्हींच्या मध्ये रिकामी जागा ठेवावी लागते. ती छापतानाच कमी झाली होती. उरलेल्या जागेत कथील पसरलं.

"हे लई जवळ आलं रे," मी म्हणाले.

"चिकटलं न्हाई ना?" तो म्हणाला.

दुसरी पट्टीही त्याने तशीच बसवली. जावई नांदेडला कामाला आला होता, तो जाताना घेऊन गेला.

आमचा बोर्ड खांबावरच्या पेटीत बसला. श्रावणाची झिमझिम होती, सगळं ओलं. हौद भरायचा, मोटार बंद व्हायची. मुलगा खूश होता. मग म्हैस पाणी पिईना. हौदाशी यायची, तोंड खाली न्यायची आणि झटका बसल्यासारखी मागे सरायची. मान लांब करून हौदाकडे बघत राहायची.

"शेवाळ झालं असंल," मुलगा म्हणाला.

सुनेने हौद घासून काढला. नवीन पाणी भरलं तरी म्हैस पिईना. सुनेने त्याच हौदातून बादली भरून तिच्यापुढे ठेवली. म्हशीने बादली रिकामी केली, परत भरून ठेवली तीही रिकामी केली.

सुनेच्या पायांत रबरी चप्पल होती. मी अनवाणी होते. मी हौदाकडे निघाले तेव्हा मुलाने माझा दंड असा धरला की वळ उठला. "थांब माय." त्याने खिशातून टेस्टर काढला आणि टोक पाण्यात धरलं. टेस्टर पेटला, पाण्यात लाइट उतरली होती. त्याने तो शर्टाला पुसून परत लावला. परत पेटला. तो पळत जाऊन पेटीतले फ्यूज उपसून आला आणि बांधावर बसला.

मी म्हणाले, "दुसरा बोर्ड कुठं हाय?"

त्याने फोन लावला. मुलीने उचलला नाही. परत लावला. जावयाचा बंद होता. परत मुलीला लावला. तिने उचलला तेव्हा मी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"बोर्ड बसवला का?"

"हाव माय. काल सांजच्याला वायरमन बसवून गेला. लाइट नव्हती, म्हणून चालवून बघितला न्हाई अजून."

"लाइट कधी येती?"

"आता येईल, बाराला. काहून?"

तिच्या मागे पाणी उडाल्याचा आवाज येत होता. पोरं हसत होती.

"पोरं कुठं हायत?"

"हौदात. ऐकत्यात का मेली? सकाळधरनं डुंबून राहिलीत."

"बाहेर काढ."

"अगं खेळू दे की, आज शाळा न्हाई..."

"पाण्याला हात लावू नको. लांबून हाक मार. दोघांलाबी बाहेर काढ, आधी बाहेर काढ."

माझा आवाज असा कधी निघत नाही. ती घाबरली, पण मलाच घाबरली. माय, तुला काय झालंय, भाऊ कुठं हाय, असं विचारू लागली. मी तिला शिवी दिली. मग ती ओरडली. धाकटा रडायला लागला, थोरला काहीतरी उलटून बोलला. पाण्याचा आवाज एकदा झाला, मग परत झाला.

"निघाले का?"

"निघाले गं. दोघंबी इथं उभे हायत, अंग निथळून राहिलंय. काय झालंय ते तरी सांग."

मी मुलाकडे फोन धरला. त्याने घेतला नाही. तिकडून घर्र असा आवाज सुरू झाला, मोटारीचा.

"आली लाइट," मुलगी म्हणाली.