सूचक म्हणून माहं नाव

अशी इकडं सरकून बस, माह्याजवळ. आल्यापासून दारातच उभी हायेस, चपला पायात. हे काय वागणं झालं? अन् वरून तोंडाले ओढणी लावून इचारतेस, आजी, तू नटी होती म्हणे? भावाची नात हायेस म्हणून ऐकून घेतलं. होती मी नटी. हासू नको. बस अन् ऐक.

वकीलसाहेबाच्या आंगणात मी उभी होती. भर दुपार. हातात घडी घातलेलं जांभळं रेशमी लुगडं. आदल्या दिवशी गणपतीपुढं नाटक झालतं, त्यात मी राणी होती. लुगडं वकिलाच्या बायकोचं, बाईसाहेबाचं. म्या दोन्ही हातांनी समोर धरलं. तिनं हात पुढं केला नाही. गड्याले हाक मारली. गडी काठी घेऊन आला. काठीच्या टोकानं त्यानं लुगडं माह्या हातावरून उचललं, मेलेला साप उचलतेत तसं, अन् बादलीत सोडलं.

"दोन पाण्यातून काढ," बाईसाहेब म्हणाली. "मासे खाणारी हाय. त्यात बंगालीण. कपड्यात काय जादू सोडून जाईन, नेम नाही."

ओसरीवर नाटकातल्या माणसाइची पंगत बसली होती. माहा प्रधान, माहा सेनापती, माह्यावर चवरी ढाळणारा सुद्धा. सगळे पाटावर. माही पत्रावळ गोठ्याच्या भिंतीपाशी. वकीलसाहेब सोता तुपाची वाटी घेऊन फिरत होता. माह्याकडं पाहून म्हणाला, "राणीसाहेब, तिकडं वारा चांगला हाय." पंगत हासली. प्रधान सगळ्याइत जास्त हासला. काल तोच माह्या पायापाशी वाकला होता.

मी जेवली नाही. पत्रावळ गाईपुढं सारली अन् घरी आली.

आपण अठी कसे आलो, हे तुले कोणी सांगतलं नसन. माहे बाबा पूर्व बंगालातले. फाळणीत घर गेलं, शेत गेलं. फिरत फिरत वणीकडच्या कोळशाच्या खाणीवर आले. खाणीतलं पाणी उपसायचा पंप चालवत. खाणीच्या लोकाइची वस्ती होती, तिले लाईन म्हणत. मातीच्या भिंती, वर टिन. बंजारे, कोलाम, तेलंगी, अन् आमच्यासारखी दोनचार बंगाली घरं. सगळ्याइची मिळून एक विहीर. गाव लाईनीले धरूनच, पण गावातलं कोणी लाईनीत पाय टाकत नव्हतं. घरात मी बंगाली बोले, बाहेर वऱ्हाडी, अन् मराठी शाळेत शिकली तेवढीच. बाकीचं वाणसामानाच्या पुड्याचे कागद वाचून शिकली.

वकीलसाहेब गावचा पुढारी. नाटक मंडळ त्याचंच. पहिले मिशा काढलेले बाप्ये लुगडं नेसून बायकाइचं काम करत. मग त्यानं अमरावतीले खऱ्या बाया नाटकात पाहिल्या. झालं, त्याले बी बाई पायजे. पण गावातल्या चांगल्या घरातलं कोण पोरगी देते? त्यानं खाणीच्या मॅनेजरले सांगतलं, मॅनेजरनं बाबाले सांगतलं. इचारलं नाही कोणी. सांगतलं.

पण पोरी, खोटं कायले बोलू? मले ते काम आवडलं. लाईनीतली पोरगी बोलते अन् अख्खं गाव चूप बसून ऐकते, हे मले दुसरीकडं कोठी भेटणार होतं? म्हणून ती काठी पाहून बी मी पुढच्या वर्षी गेली. त्याच्या पुढच्या बी. दरसाल राणी, अन् दरसाल पत्रावळ गोठ्यापाशी.

मग पंचायतीचा नवा कायदा आला. पंचायतीत बायकाइले जागा ठेवा लागत होती. वकीलसाहेब सरपंच झाला. एका जागेवर त्यानं बाईसाहेबाले बसवलं. ती कधी सभेले आली नाही, सही घरीच होत जाय. दुसऱ्या जागेवर मले घेतलं. लोकाइले सांगे, लाईनीची बाई घेतली, पाहा माहं मन किती मोठं हाय. अन् ओसरीवर बसून म्हणे, आपलीच हाय, पाठ दिला का म्हणते.

खरंच तसंच होतं. सभेत बाप्ये खुर्चीवर, मी दाराजवळ तरटावर. शाळेचे मास्तर पंचायतीचं लेहायचं काम करत. नाटकात बी तेच विंगेत पुस्तक घेऊन बसत, नट अडला का हळूच वाक्य पुरवत. सभेत बी माह्या मागं बसत. सरपंच खाकरला का मागून हळूच आवाज ये, "माझे अनुमोदन आहे." मी म्हणे, माझे अनुमोदन आहे. कशाले हाय, ते मास्तरले माहीत.

एक दिवस मास्तर लाईनीत आले. पहिल्यांदाच आले. म्हणाले, उद्याच्या सभेत तुले सूचक व्हायचं हाय, म्हणजे ठराव तूच मांडायचा. वाक्यं सांगतली. लाईनीतली घरं हलवून नाल्यापल्याड न्यावी, लाईनीतले लोक याले राजीखुशीनं तयार हायेत. म्या इचारलं, जागा कायले पायजे? त्याइनं आधी दाराबाहेर नजर टाकली. मग म्हणाले, वकीलसाहेबाले तठी कोळशाच्या ट्रकाचा अड्डा करायचा हाय. अन् विहीर? विहीर अड्ड्यात जाईन. पावसाळ्यात नाल्याले पूर आला का नाल्यापल्याडचा माणूस मरो का जगो, इकडं येऊ शकत नव्हता.

मले तवा उमगलं, मले कायले घेतलं होतं. लाईन उठवायची, पण लाईनीच्याच तोंडानं. मग बोंब कोण मारते?

सभेले लाईनीतले लोक येऊन ओट्यावर, खिडकीशी उभे राह्यले. माय बी आली. तिले मराठी अर्धंमुर्धंच कळे. वकीलसाहेब खाकरला. मी उभी राह्यली. मागून मास्तरचा आवाज आला, हळू. मी चूप. सरपंच पुन्हा खाकरला. मास्तर थोडे मोठ्यानं बोलले. मी समोरच पाहत राह्यली, वाक्य इसरल्यासारखी.

नाटकात सगळ्याइत मोठी लाज कोणती, सांगू? मागचा आवाज लोकाइले ऐकू जाणं. नट आडवातिडवा बोलून वेळ मारून नेईन, पण तो आवाज बाहेर जाऊ देत नाही. म्या जाऊ देला. मास्तरले घाम फुटला. त्याइले वाटलं खरंच पाठ नाही झालं. तिसऱ्यांदा ते एवढ्या मोठ्यानं बोलले का ओट्यावरच्या शेवटच्या माणसाले ऐकू गेलं: "लाईनीतले लोक राजीखुशीने तयार आहेत."

खिडकीतून एक बंजारीण हासली. मग कोणीच हासलं नाही.

म्या मागं वळून म्हटलं, "मास्तर, तुम्हीच मांडा. तुमचंच पाठ झालं हाय." मग सरपंचाकडं पाहिलं. "मी सूचक नाही. माह्या घरावर माह्या हातून कुदळ पडणार नाही."

"नटी हायेस, नटीसारखी राह्य," तो म्हणाला.

"राह्यलीच न्. आज तुम्ही लेहेलेलं काम नाही केलं, एवढंच."

ओट्यावर गलका झाला. सभा तशीच मोडली. घरी येताना मायनं मले इचारलं, हा मास्तर कवा मेंबर झाला?

वकिलानं दुसऱ्याच्या तोंडून ठराव आणून पाह्यला. पण लाईनीतला माणूस खाणीत उतरलाच नाही. मॅनेजर घाबरला, अड्डा दुसरीकडं गेला. घरं राह्यली, विहीर राह्यली. बाबाचं पंपाचं काम गेलं. कारण कोणी सांगतलं नाही, अन् बाबानं इचारलं नाही. मले बी कधी टोचून बोलले नाहीत. वणीच्या बाजारात पोते उचलत, अन् तसेच खंगत गेले. ते मी इसरली नाही.

पुढच्या निवडणुकीत मी उभी राह्यली. कोणी घेतलेली नाही, लोकाइच्या मतानं. भिंतीभिंतीवर लेहेलं होतं, नटीले मत देऊन गाव नाचवू नका. आपल्या दारात मासळीची घाण टाकली. निवडून आली. मग तालुक्याच्या पंचायत समितीत बी गेली. मी बोलाले उभी राह्यली का काही बाप्ये तंबाखूले बाहेर जात. मी रिकाम्या खुर्च्याइपुढं बोलली, अन् बोललेलं सगळं लेहून घ्या म्हणून अडून बसली.

वकीलसाहेब वारला तवा त्याचा पोरगा आला होता. शोकसभेत दोन शब्द बोला म्हणाला, साहेबानंच तुम्हाले पुढं आणलं. दोन शब्द लेहून बी आणले होते. म्या त्याले पाणी देलं अन् परत पाठवलं.

गावात म्हणतेत, म्हातारी मनात धरून बसली. हो, बसली. माफ केलं नाही अन् करणार बी नाही. तुले कोणी सांगतलं का आजीनं माफ केलं, तर ते खोटं म्हणून सांगजो. दुसऱ्यानं लेहेलेलं वाक्य माह्या तोंडून पुन्हा निघणार नाही, मरताना सुद्धा नाही. माह्या मागं कोणी दोन शब्द बोलले, तर ते वकिलाच्या घरचे नसावेत, एवढं तू पाहजो.

जातेस? बरं, जा. पण तुहं पुसद अठून काही दूर नाही. पुढच्या महिन्यात सुटी पाहून येजो. लवकर येजो वो, माय.