आत्यांचा लिश्टनस्टाइन

चिमटीत एक खोटा दात धरून उजेडाकडे न्यायचा, एक डोळा बारीक करून निरखायचा आणि म्हणायचं, "एवढासा हाय, पन चावतो." रोह्यात माझ्या चष्म्यांच्या दुकानाला लागून आत्यांची कवळ्या बनवायची खोली होती. हे वाक्य मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचो. आत्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, सगळा बाजारच त्यांना आत्या म्हणायचा.

दात यायचे परदेशातून, आणि पाकिटावर देशाचं नाव असायचं, लिश्टनस्टाइन. दुसऱ्या कुणी पाकीट फेकून दिलं असतं. आत्यांनी मोबाइलवर त्या देशाची कुंडली काढली आणि मग आमची सुटका राहिली नाही. कवळीचं माप द्यायला आलेला म्हातारा तोंडात मापाचा मसाला भरून आ वासून बसलेला असायचा. त्याला उलट बोलता येत नाही हे बघूनच आत्या सुरू व्हायच्या. अख्ख्या देशात माणसं आपल्या पेण शहराएवढी. सैन्य नाही, विमानतळ नाही, नोटासुद्धा शेजारच्या स्वित्झर्लंडच्या. वर गडावर राजा राहतो. खाली लोक कारखान्यांत दात आणि यंत्रं बनवतात, बँका चालवतात. शेजारच्या देशांतली माणसं सकाळी तिथे शिफ्टला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, अगदी आपल्या एमआयडीसीसारखी.

एकदा मी चिडवलं, एवढं कौतुक आहे तर तिथलाच नवरा करायचा होता. आत्या हसल्या नाहीत. तिथल्या पुरुषांनी बायकांना मताचा हक्क द्यायला इतकी वर्षं लावली, की मी तिथे असते तर सगळ्यांच्या कवळ्या काढून घेतल्या असत्या, म्हणाल्या. देश लहान आहे असं त्या सांगत, शहाणा आहे असं कधीच नाही.

त्यांचा जीव मात्र त्या देशाच्या घटनेतल्या एकाच कलमात अडकला होता. तिथल्या कुठल्याही गावाला, गावकऱ्यांनी मत देऊन ठरवलं तर, देशातून बाहेर पडायचा हक्क आहे.

तुम्ही म्हणाल, कवळ्या बनवणाऱ्या बाईला हे कलम कशाला हवं? आत्या राहायच्या खांब गावाजवळ डोंगराखाली, मूठभर घरांच्या वाडीत. वाडी आमच्या, म्हणजे मी राहतो त्या मोठ्या गावाच्या पंचायतीत. मोठ्या गावाने ठरवलं, गावाचा आणि हायवेवरच्या हॉटेलांचा कचरा वाडीच्या माळावर टाकायचा. माळाच्या पायथ्याशी वाडीची एकुलती एक विहीर होती.

ग्रामसभेत आत्या उभ्या राहिल्या. माळ वाडीचा, पाणी वाडी पिते, मग मत फक्त वाडीचं घ्या, असं म्हणून त्यांनी लिश्टनस्टाइनचा दाखला दिला. हशा पिकला. सरपंचांनी विचारलं, असला देश कुणी बघितलाय तरी का?

"तुमच्या तोंडात हाय," आत्या म्हणाल्या.

सरपंचांची कवळी आत्यांनीच बनवली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सरपंचांनी तोंड मिटलं. पण हात वर झाले तेव्हा वाडीच्या बाजूने वाडी आणि आम्ही दोघेचौघे. ठराव मंजूर झाला. मला तेव्हा राग आला आणि आजही येतो. ज्यांच्या विहिरीत काही पडणार नाही, त्यांचं कसलं आलंय बहुमत?

आत्यांनी देवळापुढे वाडीची वेगळी सभा भरवली. माळावर कचरा येणार नाही, हा तिचा पहिला ठराव. अशा सभेला कायद्यात जागा नाही, असं ग्रामसेवक समजावायला आला.

"कायद्यात नसंल," आत्या म्हणाल्या, "आमी हाव."

कचऱ्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट वाडी रस्त्यावर बसली, आत्या मधोमध. ट्रॅक्टर मागे फिरला. पुन्हा आला, पुन्हा फिरला. पुढे तो यायचा बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. त्यांच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मला करमत नाही.

परवा कळलं, मोठ्या गावाने तो ठराव पुन्हा वर काढलाय. मी तडक वाडीवर गेलो. देवळापुढे सभा भरली होती आणि आत्यांची भावजय उभी होती. माळ द्यायचा नाही असं कोणाकोणाचं मत आहे, तिने विचारलं. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी मोठ्या गावचं. चहा घ्या, पन हात खाली करा."

मी हात खाली घेतला. वाडीतला एकही हात खाली नव्हता.