बाप्तिस्म्याच्या टाकीचं पाणी

“देवानं सहा दिवसांत जग केलं मॅडम, आन तुमाला बाटलीभर पाणी बघायला दोन दिवस लागायलेत?” शमुवेलकाका काउंटरवर रेलून विचारत होते.

“जंतूंना वाढायला दोन दिवस त्यानंच दिलेत,” मी म्हटलं. “मी फक्त मोजते.”

मुलांनो, परभणीत माझी पाणी तपासायची लॅब होती, तेव्हाची ही गोष्ट. काका सेलूकडच्या एका गावातल्या छोट्या चर्चचे वडील, म्हणजे कारभारातले मानकरी. तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला टाकीत पूर्ण बुडवतात. मागच्या खेपेला ज्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यांना जुलाब झाले. तिथला पाळक, म्हणजे धर्मगुरू, तरुण, बीएस्सी केलेला. त्याला टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची होती. काकांचं म्हणणं, प्रार्थना केलेल्या पाण्यात पावडर टाकणं म्हणजे देवावर अविश्वास. रविवारी काकांच्याच नातीचा बाप्तिस्मा होता. शेवटी दोन सॅम्पल आली: प्रार्थनेआधीचं आणि नंतरचं.

कोलिफॉर्म म्हणजे आतड्यात, शेणात राहणारे जंतू. ते पाण्यात दिसले की पाणी नापास. पहिल्या बाटलीत ते होते. दुसरीत जास्त होते.

रिपोर्ट घ्यायला काकांबरोबर पाळकही आला होता. रिपोर्ट ऐकून काका खुर्चीत बसले. “म्हंजी माजी प्रार्थना उलटी लागली?”

त्यांचा चेहरा बघून मला हसता येईना. “प्रार्थना कशी केली होती?”

“पाण्यात हात बुडवून. कोपरापर्यंत.”

“आणि त्याआधी?”

“म्हशीखालचं शेण काढायलो होतो.”

पाळकाने खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाला, “काका, प्रार्थना माणसांसाठी हाय. जंतूंसाठी त्यानं क्लोरीन केलंय.”

“हे आधी न्हाई का सांगायचं?”

“रोज सांगायलोय.”

काका पावडरीला तयार झाले. मी बजावलं, पावडरीतल्या क्लोरीनला कॉन्टॅक्ट टाइम लागतो. म्हणजे पावडर टाकल्यावर अर्धा तास पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

“तवर लोकं काय करतील?”

“तुमी प्रार्थना करा,” पाळक म्हणाला. “टाकीपासून लांब उभं राहून.”

रविवारी काकांनी प्रार्थनेला बायबलातल्या पहिल्या माणसापासून, आदामापासून सुरुवात केली. अर्धा तास झाला तेव्हा ते नोहाच्या जहाजापर्यंतच आले होते. पाळकाने दोनदा घड्याळ दाखवलं, पण काका डोळे मिटून होते. कॉन्टॅक्ट टाइम भरपूर मिळाला. नात ठणठणीत राहिली, पुढचं सॅम्पलही पास झालं.

नियम पाळायला लावायचा असेल, तर समोरच्याला तेवढ्या वेळापुरतं एखादं मानाचं काम द्यावं. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकात हे नव्हतं.