डोळे मिटणारे पंच

"डोळे मिटा," असं ते म्हणायचे. "हुतूतूचा खेळाडू बघायचा नसतो, ऐकायचा असतो."

आणि सगळ्यांच्या आधी स्वतः डोळे मिटायचे. उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचे, मान जरा तिरकी करायचे. वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी सामन्यातला कुणाचा तरी दम त्यांना तेव्हा ऐकू येत असावा. चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा व्हायचा. मला हसू यायचं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, मूल मांडीवर घेऊन तांदूळ निवडत शेजारच्या ओट्यावर बसलेली असायचे.

कल्याणच्या रेल्वे चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. यार्डात ते शंटिंगला झेंडी दाखवायचे. रविवारी ठाण्यापासून खडवलीपर्यंत कुठेही सामना असला की गळ्यात शिट्टी अडकवून पंच म्हणून जायचे. चाळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पंचच म्हणत.

हुतूतू ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्याने एका श्वासात हुतूतू म्हणत पलीकडच्या अंगणात शिरायचं, गड्यांना शिवायचं आणि श्वास न तोडता परत यायचं. त्या श्वासाला दम म्हणतात. दम तुटला की तो बाद. तुटला की नाही, हे पंचाने ऐकायचं. बाकी सगळं डोळ्यांनी दिसतं, एवढं एक कानांनीच कळतं.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर पाच-सहा पुरुष जमायचे आणि एकच वाद घालायचे. आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? एक गट ठाण्याच्या खाडीकडल्या मिठागरात काम करणाऱ्या जुन्या खेळाडूचा. दुसरा गट गिरणीच्या डावखुऱ्याचा. गिरण्या तेव्हा खेळाडूंना नोकरीला ठेवत. काम नावाला आणि खेळ पोटाला.

"मिठागरवाला एका दमात सात गडी मारून आला होता. मी पाहिलंय."

"तू तेव्हा पाळण्यात होतास."

"बापाने पाहिलंय. एकच झालं."

"आजच्या पकडीत सापडला असता ना तुझा मिठागरवाला, तर पहिल्या चढाईत आडवा झाला असता."

"डावखुरा पगारी आहे. पोटासाठी खेळणारा मोठा कसा रे?"

"मग उपाशी खेळणारा मोठा का?"

शेवटी सगळे पंचांकडे वळायचे. ते डोळे मिटून सांगायचे, "कळशी भरताना आवाज कसा चढत जातो, तसा मिठागरवाल्याचा दम. भरत जायचा. डावखुऱ्याचा दम म्हणजे शिवणयंत्र. एकसारखा."

"ते झालं. पण मोठा कोण?"

"अजून ऐकतोय," पंच म्हणायचे. इतकी वर्षं हेच उत्तर. दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की पंच डोळे मिटत नाहीत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. एकजण बोलता बोलता तोंड फिरवून विडी पेटवायला लागला, तर पंच उठून त्याच्या समोर जाऊन बसले. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. माझे हात सुपातच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर ते माझ्या पुढे होते. मी त्यांच्या पाठीमागे रिकामी तांब्याची कळशी फरशीवर मुद्दाम सोडली. नळावरच्या चारही बायका दचकल्या. एकीने मला शिवी घातली. पंच भरणाऱ्या बादलीकडे बघत शांत उभे होते.

कळशी मी का सोडली, ते सांगायला हवं. माझा नवरा त्यांच्याच टोळीत होता. डबे जोडायचं काम. इंजिन डबा ढकलत आणतं, मग दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरायचं आणि साखळी अडकवायची. मध्ये गेलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. तो आतून ओरडतो, बाहेर उभा असलेला ते ऐकतो आणि झेंडी दाखवतो. हिरवी की इंजिन हललं. लाल की थांबलं. आतल्या माणसाचा जीव बाहेरच्याच्या कानांत असतो. आणि बाहेर पंच होते.

रात्रीचं जेवण वाढताना मी यांना सांगितलं.

"ठाऊक आहे," हे म्हणाले.

"कुणाला?"

"टोळीत सगळ्यांना. सहा महिने झाले. आम्ही ओरडत नाही आता. ते डब्याला हात लावून उभे राहतात. मी आतून साखळीने तीनदा ठोकतो, त्यांच्या हाताला कळतं."

"आणि डबा आधीच हलत असला तर?"

यांनी भात कालवला. कालवतच राहिले.

मी त्या दिवसापासून यार्ड ऐकायला लागले. आमच्या चुलीपासून यार्ड हाकेवर. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस त्या आवाजाने झोप लागली नव्हती, मग तो ऐकू येईनासा झाला होता. आता पुन्हा एकेक आवाज वेगळा यायला लागला. डबे आपटायचे, मग आतला माणूस बाहेर आला की इंजिनाची शिट्टी व्हायची. आपटणं आणि शिट्टी यांच्यामध्ये माझ्या हातातली भाकरी थांबायची. शिट्टीला उशीर झाला की तव्यावरची जळायची.

गुरुवारी मी पंचांच्या ओट्यावर गेले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. समोरून बोललं की त्यांना ओठांवरून कळायचं.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "वर्ष झालं. डावा आधी गेला. उजव्यात अजून थोडं आहे, सूनबाई."

"कळशी पडली तेव्हा नव्हतं."

त्यांचा हात उजव्या कानाच्या पाळीकडे गेला.

"यार्डाच्या साहेबाला सांगा. नाहीतर मी सांगते."

"सांगितलं की झेंडी जाईल. ती गेली तरी चालेल. पण मग गावभर होईल. बहिऱ्याला पंच कोण करील?"

"आणि माझा माणूस आत राहिला तर?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग म्हणाले, "रविवारी अंतिम सामना आहे. डावखुरा येतोय. तेवढा होऊ दे. सोमवारी सकाळी मी स्वतः साहेबाकडे जातो."

मी हो म्हटलं. माझ्या बाळंतपणात यांची ड्यूटी होती, तेव्हा सुईणीला आणायला अनवाणी धावलेला माणूस तो. पण खरं सांगायचं तर हो म्हणायला नको होतं. शुक्रवार आणि शनिवार मधे होते, आणि ते दोन दिवस द्यायला काही माझे नव्हते.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी हे घरी आले, अंघोळीला गेले. मी सदरा धुवायला उचलला. पाठीवर काळ्या ग्रीसचा गोल उमटला होता. डब्यांच्या तोंडाला लोखंडी थाळ्या असतात, बफर म्हणतात त्यांना, डबे भेटतात तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात. त्यातल्या एका थाळीचा हा गोल होता. जेवणाच्या ताटाएवढा. सदरा फाटलेला नव्हता. थाळी नुसती पाठीला शिवून गेली होती.

"हे काय?" हे बाहेर आल्यावर मी विचारलं.

"टेकलो असेन कुठेतरी," हे म्हणाले आणि सदरा माझ्या हातातून काढून घ्यायला लागले.

मी सदरा तसाच घेऊन पंचांच्या समोर धरला. त्यांनी गोलावर हात ठेवला. हाताला ग्रीस लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"उद्या दोघांनाही सुट्टी आहे," एवढंच म्हणाले.

तो डाग निघाला नाही. मी सदरा सोड्यात उकळला, तरी राहिला.

रविवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला गिरणीचा संघ, दुसऱ्या बाजूला आमच्या कल्याणच्या पोरांचा. पलीकडे काठ्या घेऊन आलेली माणसंही होती, सामना म्हटला की यायचीच. बायका कडेला उभ्या राहिल्या. पंच मधल्या रेषेवर, डोळे सताड उघडे, चढाई करणाऱ्याच्या ओठांवर.

शेवटची काही मिनिटं उरली होती. गिरणी एका गुणाने मागे. डावखुरा चढाईला आला. मी मुद्दाम डोळे मिटले. खरंच शिवणयंत्र. एकसारखं चाललेलं. मग मैदानाच्या पार टोकाला दोरा तुटावा तसा आवाज तुटला. डोळे उघडले तर त्याचे ओठ हलतच होते. आवाज नव्हता. ओठ हलवत त्याने दोन गडी शिवले आणि रेषेवर परत आला.

पंचांनी आमचे दोन गडी बाद दिले.

सगळं मैदान उठलं. "दम तुटला, दम तुटला." कुणीतरी ओरडलं, "पंच बहिरा आहे का रे?"

ही शिवी प्रत्येक सामन्यात कुणीतरी देतंच. त्या दिवशी आमच्या चाळीतल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. काठ्या घेतलेली माणसं रेषेच्या आत आली. पंच एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, पण इतकी तोंडं एकदम कशी वाचणार? त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली, ती काठीची नव्हती. आपलं काय चुकलं, हेच त्यांना कळत नव्हतं. मूल मी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

डावखुऱ्याने गर्दी बाजूला केली. पंचांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "माझा दम गेला होता, पंच. मी बाद." आणि बाहेर जाऊन मातीत बसला.

गिरणी हरली. पुढच्या वर्षी गिरणीने त्याला ठेवलं नाही, असं कानावर आलं.

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले, पण वाद कुणी काढला नाही. पंचांनीच काढला.

"इतकी वर्षं तुमचं ठरत नव्हतं ना? डावखुरा," ते म्हणाले आणि आत जायला वळले.

"दम तोडून बाद झाला तो?" एकाने त्यांच्या पाठीला विचारलं.

ते चालत राहिले. कुणी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी पहाटे मी दारात उभी होते. चाळीच्या फाटकातून डावीकडे यार्ड, उजवीकडे साहेबाचं ऑफिस. हे जेवणाचा डबा घेऊन तयार होते. पंच बाहेर पडले, झेंड्या रोजच्यासारख्या काखेत. फाटकापर्यंत गेले, तिथे थांबले. मग मागे वळून आमच्या ओट्यावर आले, झेंड्या ठेवल्या आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यावर ठेवली.

"झेंड्या रेल्वेच्या आहेत. शिट्टी माझी. पोराला ठेव," म्हणाले, आणि उजवीकडे गेले.

साहेबाने त्यांना खडवलीला पाठवलं. स्टेशनवरचे दिवे पुसायचे, तेल भरायचं. त्याला कान लागत नाहीत. पंधरा दिवसांत खोली रिकामी झाली. ओट्यावर काही दिवस वाद चालला, पण शेवटी कुणाकडे वळायचं हे न कळून लोक लवकर उठायला लागले. मिठागरवाला की डावखुरा, मला त्यातलं काही कळत नाही. माझा माणूस त्यानंतर तीस वर्षं जगला, हे कळतं.

दोन वर्षांनी पंच खडवलीलाच वारल्याचं समजलं. कसे गेले, ते मी विचारलं नाही. तिथे त्यांचं सगळं काम रुळांच्या कडेला होतं, आणि गाडी काही समोरूनच येते असं नाही. तिथे त्यांना मी पाठवलं होतं. यांनाही विचारू दिलं नाही.

शिट्टी पोराला दिली नाही. ट्रंकेत आहे.

अजूनही घरात कुणी पाठमोरं बसलेलं दिसलं की मी काहीही काम नसताना हाक मारते. सुना चिडतात. "काय हो आई, उगाच," म्हणतात. म्हणू देत. मान वळलेली दिसली की मगच मी कामाला लागते.