चौदाव्या घराचा खालचा मजला

२००७ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या आमच्या शेजारीण लूदिंग मावशी वारल्या. वय सत्त्याहत्तर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठा पुठ्ठ्याचा खोका अर्धा भरलेला होता. तसा खोका त्या घरात बाराही महिने असायचा.

परदेशी गेलेली फिलिपिनो माणसं असा खोका गावी पाठवतात. त्याला ती बालिकबायान बॉक्स म्हणतात. साबण, टॉवेल, टूथपेस्ट, इन्स्टंट कॉफी सवडीने साठत जाते; खोका गच्च झाला की बोटीने निघतो आणि दोनेक महिन्यांनी पोचतो. मावशींचा खोका फिलिपिन्समधल्या ताआलला जायचा, मोठ्या बहिणीकडे. बुटांत मोजे, मोज्यांत चॉकलेटं. कुठे फट दिसली की त्या म्हणायच्या, "हवा तिकडे भरपूर आहे, अनाक. पाठवायला नको." अनाक म्हणजे लेकरू. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

मी पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, म्हणून २००३ च्या ऑगस्टमध्ये आलो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई भाताची ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "जेवलात का?" दुसरा, "तुमच्यात मोठ्या बाईला नावाने हाक मारतात?"

मी म्हटलं, "नाही. मावशी म्हणतात."

"मग तेच म्हण. इथे पोस्टमनसुद्धा मला लूदिंग म्हणतो."

त्या निवृत्त नर्स होत्या. नवरा आधीच गेलेला, मूल नव्हतं. ताआल हे त्यांचं गाव मनिलाच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या टेकडीवर आहे. मूळ गाव तिथे नव्हतं, ते आत तळ्याकाठी होतं. अठराव्या शतकात तळ्यातला ज्वालामुखी फुटला, गाव राखेखाली गेलं आणि लोकांनी ते या टेकडीवर नव्याने वसवलं. टेकडीवर प्रचंड मोठं चर्च, खाली दगडी-लाकडी घरांच्या गल्ल्या. तळमजला दगडी, तो गाड्या आणि सामान ठेवायचा. वरचा लाकडी, तो मालकांचा. वरच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. "दुपारी उन्हं आली की आमची बैठक दुधासारखी व्हायची," असं त्या दर पाहुण्याला सांगायच्या. आमचा जिना, आमचा पियानो. माझ्या नवऱ्याने हे तीनदा ऐकलं होतं.

२००४ मध्ये बहिणीचं पत्र आलं की त्यांच्या गल्लीतल्या दोन घरांच्या खिडक्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने काढून नेल्या. मावशी त्याच दिवशी वही घेऊन माझ्याकडे आल्या. "आमचं गाव एकदा बुडालंय. त्या वेळी कुठे कोण राहत होतं हे कुणी लिहून ठेवलं नाही. तुला लिहिता येतं, बस."

गल्लीत चौतीस घरं होती. प्रत्येक घराला एक पान: कोण राहत होतं, काय करत होतं, घराचं आता काय झालं. त्या सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायची. मी एक अट घातली. एकाच माणसाच्या सांगण्यावर आम्ही काही छापत नाही, दुसरा सोर्स लागतो.

"हाय नाको!" त्या म्हणाल्या. वैतागल्या की हेच म्हणायच्या. "लग्न करताना नवऱ्याबद्दलही दोघांना विचारलंस का?"

"चौघांना विचारलं."

"आणि तरी केलंस?"

दुसरा सोर्स ठरली त्यांची बहीण पासिंग, वय ब्याऐंशी. पानांच्या प्रती खोक्यातून ताआलला जायच्या आणि लाल पेन्सिलीच्या खुणांसह टपालाने परत यायच्या; त्या आम्ही वहीत त्या त्या पानावर चिकटवायचो. पासिंग कडक होत्या. "न्हावी डावखुरा नव्हता, दारुडा होता." "या घरात आंब्याचं झाड नाही, फणसाचं." मावशी चिडायच्या, मग हसायच्या, मग मला दुरुस्ती करायला लावायच्या. औषधाचं नाव सांगावं तशा सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून त्या माणसांची नावं सांगत.

२००६ च्या वसंतात तेहतीस पानं तपासून झाली. चौदावं राहिलं होतं. ते त्यांच्या स्वतःच्या घराचं पान होतं. मी दोनदा आठवण करून दिली. "मी तिथे जन्मले," त्या म्हणाल्या. "याला कसला सोर्स?" मला वाटलं, पाठवायचं विसरतात आणि विसरल्याचं कबूल करत नाहीत. पुढचा खोका भरताना त्या टेप आणायला आत गेल्या. कडेला एक फट होती. मी चौदाव्या पानाची प्रत घडी करून तिथे सरकवली. त्यांना सांगितलं नाही. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला क्रमातलं गाळलेलं पान बघवत नाही, एवढंच कारण होतं.

जुलैमध्ये पाकीट आलं. त्यांनी ते माझ्यासमोरच फोडलं. पानभर मजकूर होता: वरची बैठक, पियानो, शिंपल्यांच्या खिडक्या. त्यावर एकही लाल खूण नव्हती. खाली फक्त एक ओळ होती. त्यांनी ती वाचली, कागद माझ्या हातात दिला आणि तागालोग या त्यांच्या भाषेत लिहिलेलं इंग्रजीत सांगितलं:

"वरच्या मजल्यावर आपण कधी राहिलो, लूदिंग?"

"हे तू पाठवलंस," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. मी घरी आले.

नऊ दिवस त्यांनी दार उघडलं नाही. त्यांची एक ताटली माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी मी तिच्यात शंकरपाळे भरून दाराशी ठेवली, सोबत चिठ्ठी: "मावशी, चुकलं. विचारायला हवं होतं." संध्याकाळी ताटली तिथे नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी त्या आल्या. ताटलीत तळलेली केळी होती, काखेत वही.

"शंकरपाळ्यांत साखर कमी होती," म्हणाल्या. "लिही. चौदावं घर."

मी जुनं पान काढलं.

"ते नाही, नवीन. वरचा मजला: मालक, साखरेचे व्यापारी. पियानो त्यांचा. खालचा मजला: भरतकाम करणारी विधवा बाई आणि तिच्या दोन मुली. गाडीखान्याच्या बाजूची खोली. खिडकी नाही, म्हणून आई दारात बसून भरायची. अननसाच्या धाग्याचं कापड. वरच्यांच्या लग्नाचे सगळे कपडे तिने भरले." मग म्हणाल्या, "वरची बैठक मी खरंच पाहिली आहे. दर शनिवारी फरशी पुसायला जायचे. दुधासारखी व्हायची हे खरं आहे. ते काढू नकोस."

मी विचारलं, हे पान असंच ठेवायचं का? वही शेवटी गावी जाणार, सगळे वाचतील.

"चाळीस वर्षं नव्या नर्सना सांगत आले, लिहिलं नाही म्हणजे दिलंच नाही. डोस असो नाहीतर काही असो. माझ्या आईचं नाव त्या गल्लीत कुठेच लिहिलेलं नाही. आता लिही." त्यांनी ते अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. पानाखाली स्वतः सही केली. इतर कुठल्या पानावर त्यांनी सही केली नव्हती.

त्यानंतर आमच्याकडे जेवायला कुणी नवीन आलं की त्या तीच गोष्ट सांगत. आता सुरुवात वेगळी असे: "आम्ही खाली राहायचो." माझा नवरा पहिल्यांदा चमकला. नंतर त्यानेच त्यांना विचारलं, त्यांच्या आईला एक सदरा भरायला किती दिवस लागत.

चौदावं पान पुढच्या खोक्यातून जायचं होतं. थंडी वाढली, मावशींना धाप लागू लागली, खोका भरायचा राहिला. त्या गेल्यावर मार्चमध्ये उरलेला खोका मी भरला. कॉफी, टॉवेल, त्यांचे नर्सचे पांढरे बूट, बुटांत मोजे. वही मधोमध ठेवली. कडेच्या फटी त्यांच्या रुमालांनी बुजवल्या.

२००८ च्या जूनमध्ये पासिंग यांचं पत्र आलं. वही गावच्या वाचनालयात आहे. तेहतीस पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. चौदाव्या पानावर एकही नाही. त्या पानाखाली दोन सह्या आहेत.